पंडितची आडवी तपासणी

डिंडोलीचा पंडित पाटील कापडाच्या कारखान्यात ताके तपासायचा. धागा तुटलेला दिसला की खूण करायची, एवढंच काम. पण दोन व्यापाऱ्यांनी माल परत पाठवला आणि गुजराती शेठ कडाडला, "आणखी एक ताका परत आला, तर तू पण घरी!"

आता गंमत बघा. पंडितला उभे धागे लख्ख दिसत, आडवे मात्र पुसट. वैतागून त्यानं एकदा टेबलावर गाल टेकून डोकं आडवं टाकलं, तर काय! आडवे धागे स्वच्छ, उभे गायब. बिचारा हरखला. मग प्रत्येक ताका तो आधी बसून तपासू लागला, नंतर कापडावर गाल टेकून.

नेमका तेव्हाच शेठ आला. "ए पंडित! अहीं सूवा आव्यो छे?"

"झोपलो नाही, शेठ! हे बघा, इथं धागा तुटलाय." गाल न उचलता पंडितनं बोट ठेवलं.

धागा खरंच तुटला होता. पुढे एकही ताका परत आला नाही. झालं! शेठनं फर्मान काढलं, सगळ्यांनी डोकं टेकूनच तपासायचं.

"तुझ्यापायी आमच्या माना गेल्या रे!" शेजारच्या टेबलावरचा योगराज कण्हला. त्याचे डोळे चांगले होते, त्यामुळे त्याला फायदा काहीच नव्हता.

इकडे पंडित घरी पेपरसुद्धा मान पाडून वाचू लागला. "तुमनी मान वाकडी का बरं व्हयनी?" म्हणत रंजनानं नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं.

"बुबुळ चेंडूसारखं गोल हवं," डॉक्टर म्हणाले. "तुमचं जरा अंड्यासारखं आहे. म्हणून एका दिशेच्या रेषा ठळक दिसतात, दुसऱ्या पुसट. मान कशाला मोडता? चष्मा लावा."

चष्मा लावला आणि उभं-आडवं सगळं एकदम दिसलं. पंडितला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ताठ बसून भराभर सगळे ताके तपासून टाकले.

"पंडित!" शेठ दारातूनच ओरडला. "बाकीचे डोकं टेकून मरतायत आणि तू आरामात बसलास? नोकरी नको का?"

पंडितनं चष्मा लावल्याचं सांगायला तोंड उघडलं. पण शेठचा लालबुंद चेहरा पाहिला. चष्मा खिशात ठेवून त्यानं कापडावर गाल टेकला. काम तर केव्हाच उरकलं होतं. थोड्या वेळात त्याला छान डोळा लागला.

"जुओ," शेठ त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना म्हणाला, "याला म्हणायचं काम!"