एका माणसाचं वजन

शनिवारी दुपारी शेवगावची एसटी नगरच्या स्टँडात शिरली, तेव्हा लिडियाला खिडकीतूनच दिसलं, की बाबा गाडीला टेकून उभे आहेत आणि त्यांच्या हातात पितळी पेला आहे. म्हणजे आजही सरळ घरी जाणं नाही. आधी केडगावपर्यंत चक्कर, मग चहा.

"बस," शांतवन म्हणाले. तिची पिशवी घेऊन त्यांनी काठोकाठ भरलेला पेला तिच्या हातात दिला. "पुस्तक मिटून ठेव. आज फरक आहे."

"गेल्या शनिवारीही होता."

"गेल्या शनिवारी शवगाडीचे पाटे नव्हते."

लिडिया उघड्या दारात तशीच थांबली.

मिशनचे डॉक्टरसाहेब मायदेशी परतताना आपली अमेरिकन गाडी त्यांच्या कंपाउंडरला, म्हणजे शांतवनांना, देऊन गेले होते. आठ सिलिंडरचं इंजिन. नुसता पाय टेकवला की मागचा माणूस गादीत रुतायचा. पण मागचे कमानपाटे थकलेले. वळणावर गाडी म्हशीसारखी एका कुशीवर कलायची. छगन मिस्त्रीने लष्कराच्या भंगारातून ट्रकचे पाटे आणून बसवले. ट्रकच्या पाट्यांना त्या गाडीचं ओझं म्हणजे अंगावर माशी बसल्यासारखं. पहिल्याच खड्ड्यात लिडियाच्या आईचं डोकं छताला लागलं आणि कंबर धरली. दयाबाई तिथेच उतरल्या. "पेला भरून ठेवा गाडीत. पाणी सांडलं नाही, तर बसेन. तोवर नाही," एवढं बोलून त्या वाकलेल्या कमरेने पायी घरी आल्या.

तेव्हापासून शांतवनांना एकच काम उरलं. दयाला एकदा केडगावपर्यंत न्यायचं, पाणी न सांडता.

गाडीत वजन असलं की धक्के कमी बसतात, हे लवकरच ध्यानात आलं. आधी वाळूची पोती ठेवून पाहिली. पोती फाटली आणि गाडीभर, मग घरभर वाळू झाली, तेव्हा माणसं बसवली. ही बातमी केडगावला पोचायला वेळ लागला नाही. भाजीवाली राहीबाई बाजार उरकला, की दोन जावांना घेऊन हक्काने दार उघडायची आणि म्हणायची, "कंपाउंडर, वजन आलंया." तिघी बसल्या की गाडी बरी चाले, पण मग दयाबाईंना जागा उरत नसे. जागा करावी, तर गाडी पुन्हा उडे. छगनचं म्हणणं पडलं, की पातळ पाटे घालायला हवेत. तसे पाटे त्याने सबंध नगरात एकाच ठिकाणी पाहिले होते. ते चर्चच्या शवगाडीला होते; ती एका जुन्या टांग्यापासून केलेली होती.

"बाबा, तुम्ही शवगाडी मोडलीत?"

"मोडली कुठे? पाटे बुधवारपर्यंत उसने घेतलेत, पाळक कृपादानांना विचारून. कृपादान म्हणाले, मध्येच कुणी गेलं तर? म्हटलं, कोण जातंय? मंडळीतल्या प्रत्येकाची छाती मला ठाऊक आहे. सगळे ठणठणीत आहेत. बुधवारपर्यंत कुणी जात नाही."

"मास्तरीनबाई, सरका वाईच," राहीबाई आतून म्हणाली. "तुमी काडीवानी. तुमचं कसलं वजन धरत्यात हे?"

छगन पुढे बसून खिडकीबाहेर डोकं काढून पाट्यांचा आवाज ऐकत होता. गाडी पुणे रस्त्याला लागली. एरवी लिडियाचं लुगडं भिजायचंच, म्हणून ती शनिवारी शेवगावच्या शाळेत शिकवून येताना मुद्दाम जुनंच नेसायची. आज खड्डे आले तसे गेले. पेला एकदाच हिंदकळला.

"किती?" शांतवनांनी विचारलं.

"रुपयाएवढं."

"एक मानूस कमी पडतोय," छगन म्हणाला. "पन आता बसवायचा कुटं? टपावर?"

"टपावर बसणारा शहाणा कुठून आणायचा?" शांतवन हसले. मग दर शनिवारचा प्रश्न आला. "बरं, एकंदर कशी चालली?"

याचं उत्तर ठरलेलं होतं. लिडिया पुस्तक उघडत म्हणाली, "एसटी बरी."

जावा खिदळल्या. शांतवनही हसले. "पुढच्या शनिवारी बघ."

घरी दयाबाई दारात उभ्या होत्या. "सांडलं?"

"रुपयाएवढं."

"म्हणजे सांडलंच." त्या चहा ठेवायला वळल्या. पण वळण्याआधी त्यांनी गाडीच्या गादीला हात लावून पाहिला. तसं त्यांनी आजवर केलं नव्हतं. शांतवनांनी ते पाहिलं आणि रात्री जेवताना दोनदा सांगितलं.

रविवारी उपासनेची घंटा झाली तरी ते उठले नाहीत. लिडिया हाक मारायला गेली, तेव्हा त्यांचा हात गार होता.

दुपारी कृपादान ओसरीवर बराच वेळ चष्मा पुसत बसले. "लिडिया, सांगायला बरं वाटत नाही. शवगाडी चालत नाही."

"का?" तिने विचारलं, आणि मग तिलाच आठवलं.

"बुधवारपर्यंत कुणी जात नाही म्हणाले होते," कृपादान म्हणाले. "मीही विश्वास ठेवला."

छगन पाना घेऊन उभा होता. "पाटे काढून देतो मी. पन खोलायचं, बसवायचं, रात व्हईल."

"राहू द्या," आतून दयाबाईंचा आवाज आला. "ते गाडीनेच जातील."

शवपेटी टपावरच्या कॅरियरला दोराने बांधली. पुरुषमंडळी पायी निघाली. दयाबाईंच्या कमरेला दफनभूमीपर्यंत चालणं झेपणार नव्हतं. सकाळपासून त्यांनी घोटही घेतला नव्हता, म्हणून कुणीतरी त्यांच्या हातात भरलेला पेला दिला होता. तो तसाच धरून त्या पुढे बसल्या. केडगावहून आलेल्या राहीबाई आणि तिच्या जावा दाराशी अंग चोरून उभ्या होत्या.

"बाई, बसू का आमी?" राहीबाईने प्रथमच विचारलं.

"बसा. तुमचीच जागा आहे ती."

छगनने गाडी काढली. दफनभूमीकडचा रस्ता केडगावच्या रस्त्याहून वाईट होता. ओढ्याजवळचा मोठा खड्डा दिसला, तशी मागे बसलेल्या लिडियाने सवयीने पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. गाडी खाली गेली, वर आली आणि झोपेत माणसाने कूस बदलावी तशी शांत झाली. मागे कुणाचा खांदा कुणाला लागला नाही.

छगनने एकदा वर टपाकडे पाहिलं आणि बाहीने डोळे पुसले. "बसलं वजन," तो हळूच म्हणाला.

दयाबाई पेल्याकडे बघत होत्या. पाणी काठाशी होतं तसंच होतं. त्यांनी पेला मागे लिडियापुढे धरला. "बघ," एवढंच म्हणाल्या.

लिडियाने पेला पाहिला. मग खिडकीतून हात बाहेर काढून तिने पेटीचा दोर धरला.

"एसटीपेक्षा बरी चालली, बाबा."