शांतवन मास्तरांची दुपार

शांतवन मास्तरांना कुणी सहज सांगितलं, “मास्तर, पाच वाजले,” तर ते चष्म्यावरून बघत शांतपणे विचारायचे, “कुणाचे?”

आता याला काय उत्तर द्यायचं? पाच वाजले म्हणजे सगळ्यांचेच वाजले, अशी माझी नगरला बदली होऊन येईपर्यंत समजूत होती. पण मी कचेरीतला साधा कारकून, आणि मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवून रिटायर झालेले. शिवाय भिंतीला भिंत लागून बिऱ्हाड. त्यामुळे माझी ती समजूत फार दिवस टिकली नाही.

लढाईचे दिवस होते. सरकारनं एक दिवस हुकूम काढून देशातली सगळी घड्याळं तासभर पुढं सरकवली. लोक त्याला नवा टाइम म्हणायचे. मास्तर म्हणाले, “सूर्याला नोटीस बजावली का?” आणि त्याच दिवशी त्यांनी अंगणाच्या मधोमध एक काठी पुरली. काठीची सावली सगळ्यांत आखूड होईल ती खरी दुपार. तिथं चुन्याची खूण करायची आणि मगच जेवायला बसायचं. नगरची ही खरी दुपार जुन्या टाइमाच्या अर्धा तास मागं आणि नव्याच्या दीड तास मागं पडायची. मी कचेरीत डबा खाऊन, हात धुऊन, पुन्हा फायलीत डोकं घालून बसायचो, तेव्हा कुठं शेजारी मास्तरांची दुपार व्हायची.

एका घरात एवढं एकच घड्याळ असतं तरी चाललं असतं. पण त्यांची मुलगी एस्तेर दवाखान्यात नर्स. तिची ड्यूटी नव्या टाइमाची. आणि मास्तरांच्या बायको रूथमावशी जुना टाइम सोडायला तयार नव्हत्या, कारण त्यांनी शेळी पाळली होती. “शेळीला हुकूम वाचाया येतो व्हय?” त्या म्हणायच्या. “तिची धार जुन्या टायमालाच निघती.” त्यामुळे त्या घरात एकाच दिवशी तीनदा सकाळ व्हायची. एस्तेर “जेवायला वाढ” म्हणायची तेव्हा मावशींची भाकरी तव्यावर असायची आणि मास्तर म्हणायचे की अजून चहाची वेळ आहे. मला तर रविवारी त्यांच्याकडे बोलावणं आलं की नक्की केव्हा जायचं हे कधी कळलं नाही. मी आपला भूक लागली की जायचो.

एकदा मावशींनी त्या काठीवर मास्तरांचाच सदरा वाळत टाकला. दोन दिवस त्या घरात दुपार झाली नाही. आभाळ आलं की मास्तरांची फार पंचाईत. नगरला पाऊस कमी म्हणून बरं, कोकणात असते तर उपासमार झाली असती.

या सगळ्या गोंधळात चौथं माणूस घरात नव्हतं. मास्तरांचा मुलगा दाविद मोटारी दुरुस्त करणाऱ्या पलटणीतून लढाईवर गेला होता, आधी इजिप्तमध्ये आणि नंतर इटलीत. मावशी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायच्या, एस्तेर पोस्टमनची वाट बघायची. मास्तर मात्र त्याचं नावही काढायचे नाहीत. कुणी विचारलंच तर “आहे, बरा आहे” म्हणून सावलीकडे बघत बसायचे. मला त्याचा थोडा रागच यायचा. पोटचं पोर तिकडं तोफांच्या तोंडी, आणि हा माणूस इकडं काठी सांभाळतो आहे.

बरं, दुपारची खूण झाली की काठीचं काम संपलं ना? पण जेवणानंतर मास्तर पुन्हा अंगणात खुर्ची टाकून बसायचे. डोक्यावर टॉवेल, पुढ्यात काही नाही. तिसऱ्या प्रहरी अचानक उठायचे, “हं, झालं” म्हणायचे आणि चहा मागायचे. काय झालं, ते कुणालाच ठाऊक नसायचं. पुढं पुढं तर हे “झालं” चांगलं तासाभरानं लांबलं. मावशींचा चहा उकळून उकळून काळा व्हायला लागला. “आता ह्यांचं चौथं घड्याळ निघालं का काय?” त्या मला विचारायच्या. माझं डोकं तर पहिल्या तिनातच थकलं होतं.

शेवटी एका रविवारी मीच स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारलं, “मास्तर, आता कशाची वाट बघताय?”

त्यांनी काडीनं मातीत एक गोल काढला. वर्गात शिकवावं तसं समजावून सांगितलं. पृथ्वी फिरते, म्हणून दुपार एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते. नगरहून निघालेली दुपार इजिप्तला पोचायला जवळपास तीन तास लागतात. इटलीला चार.

“दाविद तिथं आहे ना,” ते म्हणाले. “त्याच्या डोक्यावर सूर्य आला, म्हणजे पोराची आजची सकाळ पार पडली म्हणायची. तेवढं झालं की मी उठतो.”

इतके दिवस आपण या माणसाला काय समजत होतो, असं वाटून गलबलून आलं. मास्तरांनी गोल पुसला आणि म्हणाले, “हिला सांगू नका. तीही येऊन बसेल. मग शेळीकडे कोण बघणार?”

लढाई संपली. सरकारनं घड्याळं पुन्हा तासभर मागं घेतली. आता तरी त्या घरात सुधारणा होईल असं मला वाटलं होतं, पण इतकी वर्षं एस्तेरच्या वेळेतून एक तास वजा करायची मावशींना सवय लागलेली. तशात दाविदची तार आली की संध्याकाळच्या गाडीनं येतो. गाडी पाचची.

“म्हंजी आपले चार,” मावशी म्हणाल्या.

“आई, आता सगळ्यांचे पाचच,” एस्तेर म्हणाली.

“आन् ह्यांचे?”

ह्यांना विचारायला गेलो तर मास्तर घरात नव्हते. अंगणात काठी होती, चुन्याची खूण नव्हती. जेवायला आले नाहीत. मावशींचा धीर सुटला. मी पेठेत शोधलं, एस्तेर त्यांच्या ख्रिस्ती देवळात बघून आली. शेवटी गाडीची वेळ होत आली म्हणून आम्ही तिघं टांग्यानं स्टेशनवर गेलो, तर मास्तर फलाटावरच्या बाकावर बसलेले.

“सकाळधरनं हितंच हायती,” हमाल म्हणाला. “लई सांगितलं, गाडी सांजची हाय. उठंनात.”

“मास्तर, अहो, काठी सोडून सकाळीच कसे आलात?” मी विचारलं.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “आज सूर्याचाही भरवसा वाटेना.”

गाडी उशिरा आली. फलाटावरचे दिवे लागले होते. दाविद उतरला, वाळलेला, रापलेला. मावशी त्याच्या गळ्यात पडून रडल्या, एस्तेर रडली. मास्तर जरा लांब उभे राहिले. मग पुढं झाले आणि विचारलं, “किती वाजले रे तुझ्यात?”

दाविदनं मनगट दिव्याकडे वळवलं आणि ओशाळून हसला. “दीड, बाबा. तिकडचाच टाइम राहिला. चावी देत होतो, पण काटे फिरवायचं सुचलंच नाही.”

“दीड कुठला, दिवं लागलं की,” मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

“त्याच्यात दीड आहे ना, मग दीडच,” मास्तर म्हणाले. त्यांनी वाकून पोराची वळकटी खांद्यावर घेतली. “म्हणजे अजून जेवला नसेल. चला लवकर घरी.”