लाल बटणाचा डबा

परतफेड हा शब्द कसा वापरायचा, ते चिंचणीत कुणी मला शिकवू नये! पुस्तकात त्याचा अर्थ काय दिलाय मला ठाऊक नाही. माझ्या आईने तो मला चुलीपाशी शिकवला. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. वाटी आली तर वाटीत, टोप आला तर टोपात, काहीतरी घालूनच पाठवायचं. अगदीच काही नसेल तर साखरेची चिमूट घाल, पण नुसता तळ दाखवू नकोस. सुकी मासळी विकण्यात माझा जन्म गेला, पण माझ्या घरातून कुणाचं भांडं उपाशी गेलेलं नाही. छाती ठोकून सांगते!

ह्या छाती ठोकण्यानेच गेल्या साली, म्हणजे २०१८ला, माझा घात केला.

शिमगा नुकताच झाला होता. बाजारातून घरी आले तर ओट्यावर स्टीलचा डबा. झाकणाची मूठ गेलेली, तिच्या जागी कोटाचं लाल बटण तारेने आवळलेलं. आत चिकू. पुष्पाने पाठवलाय, असं आमच्या ह्यांनी जाळं सांधता सांधता सांगितलं. पुष्पा म्हणजे एसटी स्टँडजवळच्या वाडीतली माझी मैत्रीण. तिनेच माझ्या लेकीचं, हेमालीचं लग्न जमवलेलं. चिकू खाल्ले, डबा घासला आणि तिचा तिला देताना आत बोंबील घातले. झाली परतफेड.

आठवडा गेला नाही तोच डबा पुन्हा दारात. आत कैरीचं लोणचं! बोंबील आवडले वाटतं, म्हणून मी सुकी करंदी घालून धाडली. तिकडून ताडगोळे आले. मी सुक्या वाकट्या दिल्या, तर बाईसाहेबांनी गावठी अंडी पाठवली, तीसुद्धा भुशात बसवून. एकाला तडा नव्हता! तेव्हा मात्र मी ओळखलं, ही मला हरवायला निघालीय.

आमच्या ह्यांना माझी तगमग बघवेना. म्हणाले, "अगं, परतफेड म्हणजे एकदा फेडलं की फिटलं. तुमचं फिटतच नाही. ह्याला दुसरा शब्द शोध."

शब्द तुम्ही शोधा, मी वाकट्या शोधते, असं सांगून मी माळ्यावर चढले.

एवढ्यात पावसाळा लागला. होड्या किनाऱ्यावर चढल्या, मासेमारी बंद, वाळवण बंद. घरात उरली एक सोड्यांची बरणी. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, मी हेमालीसाठी राखले होते. एकुलती लेक, उधव्याला दिलेली, सातवा लागलेला. सासरी तिला काही कमी नाही. भात आहे, नागली म्हणजे नाचणी आहे, सासू मायेची आहे. समुद्र तेवढा नाही. रोज फोनवर एकच धोशा, डोहाळजेवणाला सोड्यांचा भात आण. लहानपणापासून ह्या पोरीने कधी काही मागितलं नाही. आता मागितलं तेही दिलं नाही तर मी आई कसली? त्या बरणीकडे मी मांजरालासुद्धा बघू देत नव्हते.

डोहाळजेवण रविवारचं. शुक्रवारी पुष्पाचा डबा आला, आत तुपात माखलेले डिंकाचे लाडू! मी कपाळाला हात लावला. मला लेकीच्या साडीसाठी डहाणूला जायचं होतं. निघताना ह्यांना बजावलं, तिचा डबा देऊन या, आणि काहीही झालं तरी रिकामा देऊ नका.

संध्याकाळी येऊन बघते, तर बरणी धुऊन पालथी घातलेली.

"सोडे कुठायत?"

"तूच म्हणालीस ना, रिकामा देऊ नका. घरात दुसरं होतं काय?"

सबंध संसारात ह्या माणसाने माझं ऐकलं ते एकदाच, आणि तेही ह्या वेळी!

तशीच छत्री घेऊन पुष्पाकडे गेले. पण दिलेलं परत कसं मागणार? पाऊसपाण्याचं बोलले, चहा प्याले, मग सहज म्हणून म्हटलं की यंदा सोडे कुठे मिळत नाहीत बाई. तर पुष्पाने डोळ्याला पदर लावला. "आणि तरी तू मला एवढे दिलेस, वेणूताई." आता मागा! दुसऱ्या दिवशी सगळा बाजार पालथा घातला, पण सोडा म्हणून मिळाला नाही. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

रविवारी साडी घेऊन निघाले. पुष्पालाही आमंत्रण होतं. चारोटीला गाडी बदलताना बघते, तर तिच्या पिशवीतून लाल बटण डोकावतंय. मी तोंड फिरवलं. बाई आता गाडीतसुद्धा परतफेड करणार की काय?

उधव्याला हेमालीला पाटावर बसवली, ओटी भरली. ती माझ्या पिशवीकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. तेवढ्यात पुष्पाने डबा उघडला. सोड्यांचा भात! घरभर वास सुटला. पोरगी कुणाची वाट न बघता डब्यातूनच खायला लागली. पुष्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुझ्या सोड्यांच्या तोडीचं माझ्या घरात काही उरलं नव्हतं गं. म्हटलं, तुझे तुझ्या लेकीच्याच पोटात जाऊ देत." मी तिला सगळ्यांदेखत मिठी मारली.

आणि माझी विहीण रूपीबाई, डब्याचं झाकण हातात धरून उभी!

"हे बटण मी बसवलंय. शिमग्यापासून डबा शोधतेय माझा."

हेमालीने भरल्या तोंडाने उलगडा केला. पुष्पामावशीने लग्न जमवलं म्हणून सासूबाईंनी शिमग्याला तिच्यासाठी नागलीचे पापड धाडले होते, ते हेमालीने हाताला लागलेल्या ह्याच डब्यात भरून माहेरी येता येता वाटेत दिले आणि डब्याचं विसरूनही गेली. लेक माझी, म्हणून पुष्पाला वाटलं डबाही माझाच. तो चिकू भरून माझ्याकडे आला, म्हणून मला वाटलं पुष्पाचा. म्हणजे शिमग्यापासून आम्ही दोघी तिसरीचाच डबा एकमेकींना परत करत होतो! पुष्पाने कबूल केलं की तिलाही वाटत होतं, मीच तिला हरवायला निघालेय. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. डबा मालकिणीकडे पोचला, एकदाचं फिटलं.

निघताना रूपीबाई दारात आली. हातात तोच डबा, घासलेला, आणि आत नागलीचे लाडू.

"विहीणबाई, आमच्याकडून रिकाम्या हाताने कुणी जात नाही. डबा सावकाश पाठवा."

मी पुष्पाकडे वळले, तर ती गाडी आली का बघायला केव्हाच रस्त्यावर पोचली होती.

साल उलटलं, डबा अजून माझ्या ओट्यावर आहे. आमचे हे जेवताना विचारतात, दुसरा शब्द सापडला का? नाही सापडला. तोवर डब्यात काय घालावं, हे तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर कळवा. फक्त सोड्यांचं नाव काढू नका.