सुपडू नानांचा स्पीडब्रेकर

सुपडू नाना गाडीकडे बघत नाहीत, ती ऐकतात.

पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. तो रहिवाशांनी वर्गणी काढून करून घेतला, त्यामुळे गरजेपेक्षा चार बोटं उंच झाला. शेजारी कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर रोज सकाळी आठ ते दहा नाना बसलेले असतात. मांडीवर वर्तमानपत्र असतं, पण घडी मोडलेली नसते. डोळे मिटलेले असतात. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा पेंगतोय. एखादी गाडी येते, स्पीडब्रेकर पाहून वेग कमी करते आणि नाना डोळे न उघडता हात वर करतात.

“आवाज शे!”

एरवी नाना आमच्याशी शहरी मराठी बोलतात. निदान मात्र अहिराणीतच करतात. “आवाज आहे” म्हटलं तर लोक मनावर घेत नाहीत, असं त्यांचं निरीक्षण आहे.

गाडी थांबते. नाना उठतात, पुढच्या चाकाशी वाकतात आणि सांगतात, “डाव्या बाजूचं ब्रेकपॅड. अडीच मिलिमीटर उरलं.” गाडीवाला बहुधा अनोळखी असतो. तो आधी चिडतो, मग घाबरतो, आणि शेवटी प्रत्येकजण विचारतो तोच प्रश्न विचारतो, “खर्च किती येईल?”

इथे नाना खुलतात. एकतीस वर्षं त्यांनी बस आगारात ब्रेकच्या खात्यात काढली. मोटारीचे पॅड ते निवृत्तीनंतर, स्वतःच्या हौसेनं शिकले. “किर्र आवाज आला तर पट्टी घासतेय. पॅड संपत आलं की वाजावं म्हणून ती मुद्दाम बसवलेली असते. पुढचे दोन्ही बाजूंचे पॅड बदला, मजुरीसकट दोन हजारांच्या आत काम होतं. ते टाळलं की खर्र आवाज येतो. तेव्हा लोखंडावर लोखंड घासतं, डिस्क खराब होते आणि सहा हजार जातात. आता तुम्ही किर्रमध्ये आहात. खर्रमध्ये जायचं का?”

खर्रमध्ये कोणालाच जायचं नसतं. मग नाना खिशातून जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा तुकडा काढतात आणि चिठ्ठी लिहितात. चिठ्ठीत तीनच ओळी असतात: कोणतं चाक, पॅड किती उरलं, खर्च किती यावा. ती घेऊन गाडीवाला मेहरूणच्या रस्त्यावर सलीम मिस्त्रींच्या गॅरेजात जातो. सलीमभाई चाक खोलतात, पॅड मोजतात आणि मान हलवतात. नानांचा अंदाज अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त चुकल्याचं त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

“नाना, आप सोनार क्यूं नहीं हुए?” असं त्यांनी एकदा विचारलं होतं.

“सोनं वाजत नाही,” नाना म्हणाले.

या कामाचा नाना एक पैसाही घेत नाहीत. उलट त्यांनी स्वतःचं नुकसान करून घेतलेलं आहे. एका गॅरेजवाल्यानं आमच्या ओळीतल्या एका बाईंना पॅड गेल्याचं सांगून नवे बसवून दिले. जुने पॅड बाईंनी कुतूहलानं पिशवीत टाकून घरी आणले. नानांनी पाहिलं, तर पाच मिलिमीटर शिल्लक. दुसऱ्या दिवसापासून निळी खुर्ची त्या गॅरेजसमोरच्या फुटपाथवर गेली. तीन दिवस नाना येणाऱ्या प्रत्येक गाडीला “आधी मला ऐकू द्या” म्हणत होते. चौथ्या दिवशी गॅरेजवाल्यानं बाईंचे पैसे परत केले. तोवर नानांना उन्हाचा ताप चढला होता. मी भेटायला गेलो तेव्हा ते पडल्या पडल्या म्हणाले, “भाऊ, माणसानं दुसऱ्या कशाबद्दलही खोटं बोलावं. वय सांगताना बोलावं, पगार सांगताना बोलावं. ब्रेकबद्दल बोलू नये.”

नवरदेवाचा प्रसंग कॉलनीत अजून सांगितला जातो. वऱ्हाड यावलला निघालं होतं. पुढे फुलांनी सजवलेली गाडी, मागे दोन जीपा. सजवलेली गाडी स्पीडब्रेकरवर खर्र वाजली. नाना खुर्ची घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन बसले.

नवरदेवाचे मामा उतरले. “ओ नाना, बाजूला व्हा. मुहूर्त चालला!”

“मुहूर्त दुसरा निघतो.”

“अहो, पोरगं बाशिंग बांधून बसलंय!”

“त्याला सावलीत बसवा. मी सलीमला फोन केलाय.”

सलीमभाई हत्यारं घेऊन आले आणि त्यांनी रस्त्यावरच गाडी जॅकवर चढवली. बाशिंग बांधलेला नवरदेव नानांच्या निळ्या खुर्चीवर बसून दोन कप चहा प्यायला. पन्नास मिनिटं गेली. वऱ्हाड यावलला पोचलं तेव्हा मुलीकडच्या मांडवाला अजून खांब लावणं चालू होतं. मामांनी दुसऱ्या दिवशी लाडवांचा डबा पाठवला. नानांनी तो सलीमभाईंकडे दिला.

हे सगळं ऐकून कोणालाही वाटेल की नानांना माणसांशी बोलता येतं. ते खरं नाही. नानांना गाडीवाल्यांशी बोलता येतं.

त्यांच्या पत्नी सहा वर्षांपूर्वी वारल्या. मुलगी वैशाली धुळ्याला शाळेत शिक्षिका आहे. गेल्या दसऱ्याला तिनं स्वतःच्या पगारातून एक जुनी, पांढरी गाडी घेतली आणि नवऱ्याला शेजारी बसवून, स्वतः चालवत ती वडिलांना दाखवायला आणली. बॉनेटवर झेंडूची माळ होती. मागच्या सीटवर पेढ्यांचा पुडा होता. आम्ही सात-आठजण बघायला जमलो. नानांनी गाडीचा रंग पाहिला नाही, माळ पाहिली नाही, मुलीकडेही पाहिलं नाही. ते चाकाशी वाकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “पॅड दोन मिलिमीटर. घेणाऱ्याची अक्कलही तेवढीच.”

वैशालीनं पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला, गाडी वळवली आणि आली तशी ती धुळ्याला परत गेली. गाडी स्पीडब्रेकरवरून जाताना किर्र वाजली. नाना तिथेच उभे होते.

त्यानंतर सात महिने ती आली नाही. नाना दर रविवारी फोन करत. ओट्यावर उभं राहून मोठ्यानं बोलायची त्यांची सवय असल्यामुळे संभाषण आम्हालाही ऐकू येई. ते फार लांबत नसे.

“पॅड बदलले का?”

एवढ्यावर फोन बंद होई.

एकदा मी त्यांना सुचवलं, की दुसरं काही विचारून पाहा. हवापाणी विचारा. त्यांना ते पटलं. पुढच्या रविवारी त्यांनी फोन कानाला लावून माझ्याकडे पाहत विचारलं, “ऊन फार आहे का तिकडे?”

पलीकडून “आहे” असं उत्तर आलं असावं. कारण नानांचा चेहरा उजळला. पुढे काय बोलावं याचा त्यांनी क्षणभर विचार केला.

“उन्हात पॅड तापतात,” ते म्हणाले.

फोन बंद झाला.

याच महिन्यांत त्यांचं स्पीडब्रेकरवरचं बसणं वाढलं. आठ ते दहाचं आठ ते बारा झालं. पांढरी गाडी लांबून दिसली की ते डोळे उघडत, ती दुसऱ्या कोणाची निघाली की मिटत. एवढा फरक माझ्या लक्षात आला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी, साडेनऊच्या सुमाराला, पांढरी गाडी खरोखर आली. वैशाली एकटीच होती. ती जामनेरला मैत्रिणीकडे निघाली होती, वाटेत पाच मिनिटं थांबून संध्याकाळी परस्पर धुळ्याला जाणार होती. हे तिनं खिडकीतूनच सांगितलं. इंजिन बंद केलं नव्हतं. नानांसाठी आणलेली औषधांची पिशवी तिनं खिडकीतून पुढे केली.

मी खुर्चीपासून दोन हातांवर उभा होतो. गाडी स्पीडब्रेकरपाशी थांबली तेव्हा काहीही वाजलेलं नव्हतं. किर्र नाही, खर्र नाही.

नानांनी पिशवी घेतली. ते खिडकीपाशी तसेच उभे राहिले. गिअर पडल्याचा आवाज आला.

“आवाज शे,” नाना म्हणाले.

वैशालीनं त्यांच्याकडे पाहिलं. “काय शे?”

“आवाज शे. पुढे उजव्या बाजूला. अशी गाडी घेऊन जामनेरला जाता येणार नाही. सलीमला दाखवावी लागेल.” थोडं थांबून ते म्हणाले, “दोन दिवस लागतील.”

“दोन दिवस?”

“कमीत कमी.”

मग वैशालीनं इंजिन बंद केलं. “मंग काय करू? राहस दोन दिन,” ती म्हणाली आणि बॅग घेऊन उतरली.

गाडी सलीमभाईंकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं. नाना चिठ्ठी लिहायला आत गेले. एरवी ते ती सगळ्यांसमोर, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितात. तेवढ्यात वैशालीनं किल्ली माझ्या हातात दिली.

“काका, पॅड मी गेल्याच आठवड्यात बदललेत. बिल पर्समध्ये आहे. सतराशे पन्नास, मजुरीसकट.”

“मग त्यांना सांगितलं का नाहीस?”

“ते खोटं बोलले, काका.” तिनं घराच्या दाराकडे पाहिलं. “ब्रेकबद्दल. नाना!”

तिला हसू आलं होतं, पण ते पूर्ण आलं नाही. “त्यांना बिलाचं सांगू नका,” एवढं म्हणून तिनं पदर खोचला आणि ती आत गेली.

नानांनी दिलेली चिठ्ठी चार घड्या घातलेली होती. मी ती तशीच सलीमभाईंना दिली. त्यांनी वाचली, गाडीकडे पाहिलं, पुन्हा वाचली आणि माझ्यापुढे धरली. नेहमीसारख्याच तीन ओळी होत्या.

‘चाकं: सर्व ठीक.
पॅड: नवे आहेत. खोलू नयेत. गाडी दोन दिवस सावलीत ठेवावी.
खर्च: चहा. मी येऊन पाजीन.’

म्हणजे खोटं त्यांनी तोंडानं बोलून टाकलं होतं, पण कागदावर त्यांचा हात वळला नव्हता. सलीमभाईंनी गाडी शेडच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यात नेली, एक ताडपत्री झटकली आणि तिच्यावर घातली.

“बोलना, काम बहुत है,” ते म्हणाले. “दो के तीन दिन भी लग सकते हैं.”

मी परतलो तेव्हा नाना ओट्यावर उभे होते. स्वयंपाकघरातून डबे उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते.

“काय म्हणाला सलीम?” त्यांनी मला विचारलं. आवाज आत पोचेल इतका मोठा होता.

“काम बरंच आहे म्हणाले. तीन दिवसही लागतील.”

“वाटलंच मला,” नाना म्हणाले.

“नाना!” आतून वैशालीची हाक आली. “घरात मीठ सोडून काही नाही. रात्री शेवभाजी करते. शेव घेऊन या, जाड.”

नानांनी खुंटीवरची पिशवी घेतली. मी त्यांच्यासोबत कोपऱ्यापर्यंत चाललो. आम्ही निळ्या खुर्चीपाशी पोचलो, तेव्हा एक जुनी जीप स्पीडब्रेकरवर आली आणि थांबताना असा खर्र आवाज झाला, की तो मलाही ऐकू आला. मी नानांच्या हाताकडे पाहिलं. हातात पिशवी होती. तो वर गेला नाही.

जीप निघून गेली. नाना चार पावलं चालले आणि थांबले.

“भाऊ,” त्यांनी काळजीनं विचारलं, “शेव नेमकी किती जाड म्हणाली ती?”