भिमाजींच्या मानेतला आवाज

कुरुळीत गावपुढारी उद्धवरावांच्या वाढदिवसानिमित्त मोफत रक्तवाहिनी तपासणी शिबिर आयोजित करण्यात आले. डॉक्टर विजयश्री यांनी मानेला लावायचे छोटे यंत्र आणले होते. धमनी अरुंद झाली असेल तर रक्त सूंसूं करत जाते आणि यंत्र तो आवाज मोठा करून ऐकवते. उद्धवरावांना तो पुरेसा मोठा वाटला नाही.

"मॅडम, मागच्यांनी काय करायचं?" असे म्हणून त्यांनी यंत्र डीजेला जोडून दिले.

सुरुवातीच्या मानांतून नुसतेच धप् धप् निघाले. जनता कंटाळली. मग कंपनीतून निवृत्त झालेले भिमाजी खुर्चीत बसले आणि मांडवभर "सुंऽऽय, सुंऽऽय" घुमले. शिट्ट्या पडल्या. पोरे नाचली.

"धमनी अरुंद झालीय. उद्याच मोठ्या हॉस्पिटलला जा," डॉक्टर म्हणाल्या.

"उद्या कसं?" उद्धवराव म्हणाले. "उद्या त्यांचा सत्कार हाय."

सत्कार झाला. चौकात लोक भिमाजींना बोलावून चहा पाजू लागले. निरोगी नागरिकांत साहजिकच असंतोष पसरला. "आमच्या माना काय रस्त्यावर पडल्यात का?" असा सवाल झाला. जनभावनेचा आदर राखून वाढदिवस समितीने मानेच्या आवाजाची खुली स्पर्धा जाहीर केली, फायनल महिन्याभराने. दरम्यान उपचार घेणारा अपात्र. काही होतकरूंनी सकाळ-संध्याकाळ वडापावचा सराव सुरू केला.

"अहो, आज तुमच्या हातातून कप निसटला," भिमाजींच्या पत्नी जयमालाबाई म्हणाल्या. "चला दवाखान्यात."

"फायनल होऊ दे गं. जन्मात पहिल्यांदा मान मिळालाय."

फायनलला भिमाजींच्या मानेला यंत्र लागले. आवाज अगदीच बारीक आला. परीक्षक ज्ञानेश यांनी खेदाने गुण कापले. "भाऊ, तयारी कमी पडली."

"तयारी कसली!" डॉक्टर ओरडल्या. "आवाज घटला, म्हणजे वाट जवळजवळ बंद झालीय!"

"मग उत्तेजनार्थ देऊ की," उद्धवरावांनी सामोपचाराने तोडगा काढला.

जयमालाबाई व्यासपीठावर चढल्या. त्यांनी वायर उपटली, नवऱ्याला दंडाला धरून उठवले आणि रिक्षात घातले. मागून "पुढचा स्पर्धक" असा पुकारा झाला.

शस्त्रक्रिया झाली. भिमाजी वाचले. शुद्धीवर येताच त्यांनी बायकोला जवळ बोलावले. ती डोळे पुसत वाकली.

"पहिला कोण आला गं?" त्यांनी विचारले.

जयमालाबाई तडक बाहेर निघून गेल्या. त्यांचा संताप रास्तच होता. पण वाचकहो, खरे सांगा, तुम्हालाही तेच विचारायचे होते ना?