वेटिंगवर कोण आहे?

या, जरा जवळ या. असा लांबून नमस्कार नका करू, मी काही घाटावरची मूर्ती नाही. आणि आधी थोडं बोलून घेते, राग मानू नका. तुम्ही मंडळी काशीला येता, गंगेत बुचकळ्या मारता, दर्शनाच्या रांगेत एकमेकांचे पाय तुडवता, साड्या घेता आणि गाडीत बसून चालते होता. आमच्या रामघाटाच्या गल्लीत डोकावतसुद्धा नाही. म्हणजे नाना तुम्हाला भेटलेच नाहीत. मग मेली काशी बघितलीत तरी काय?

नाना आमच्या समोर राहतात. सगळी नोकरी रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीमागे झाली. रिटायर होऊन बरीच वर्षं लोटली, पण खिडकी काही डोक्यातून उतरली नाही. दुपारी देवाला नैवेद्य दाखवला, कावळ्याला घास ठेवला, की नाना सोवळं नेसून दारात उभे राहायचे आणि संकठा घाटापर्यंत ऐकू जाईल अशी हाक द्यायचे, "वेटिंगवर कोण आहे?"

आता हे काय, तर अतिथीला बोलावणं. त्यांच्या घराण्याची रीतच तशी. पानावर बसण्याआधी दारात जाऊन बघायचं, कोणी उपाशी तर नाही. वडील संस्कृतात विचारायचे, नाना रेल्वेत विचारतात.

कोणी सापडला की नाना खूश. "चला, तुमचं कन्फर्म!" म्हणून हाताला धरून आत. वाट चुकलेला यात्रेकरू म्हणू नका, विजेचा मीटर बघायला आलेला माणूस म्हणू नका. एकदा एक गोरा सापडला. तो बिचारा पोटावर हात ठेवून शौचालय विचारत होता. त्याला आधी वरणभात वाढला, मग विचारलं, काय हवं होतं म्हणून. आणि कोणी "नको" म्हटलं तर नाना लाल! "हाक मारल्यावर पाठ फिरवू नये. अन्नाचा अपमान होतो."

आतून मालतीबाई, म्हणजे त्यांची मंडळी, ओरडायच्या, "अहो, गाडी किती डब्यांची ते तरी सांगा! पोळ्या मला लाटायच्यात."

गेल्या थंडीत मालतीबाई गेल्या. हाक बंद झाली.

नाना जेवेनात. मी डबा पाठवायची, तो संध्याकाळी गल्लीतल्या गायीपुढे. गाय गुबगुबीत झाली आणि नाना वाळले. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. मी रागावले तर म्हणायचे, "वहिनी, एका पॅसेंजरसाठी गाडी सोडत नाहीत." मी घरात येऊन देवापुढे बसायची. मनात नको ते यायचं, की हे आता मालतीबाईंच्या मागोमाग जाणार.

आणि मग, काय सांगू, नानांच्या गालांवर हळूहळू तकाकी दिसायला लागली. रोज संध्याकाळी टोटोत, म्हणजे आमच्याकडच्या बॅटरीच्या रिक्षात, बसून अस्सी घाटाकडे जायचे. परत आले की सदऱ्याला धुराचा वास. शेवटी शेजारच्या शास्त्रीबुवांची सून धावत आली. "काकू, नाना बाटले! अस्सीच्या गलीत एक जपानी दुकान आहे, वहाँ बैठकर मुर्गा खा रहे थे!"

माझ्या तोंडून काय निघावं? "खातात ना? मग झालं तर!"



तरी खात्री करायला हवी. दुसऱ्या दिवशी नानांच्या टोटोत जाऊन बसले. "मलाही हवा खायचीय," म्हटलं. नाना नुसते सरकले.

दुकान केवढं, तर आपलं न्हाणीघर जरा ताणलं तर होईल तेवढं. दाराला निळा पडदा. तो बाजूला करते न करते, तोच आतून एक बाई एवढ्या मोठ्यांदा ओरडली, "इराश्शाइमासे!" मी दचकून नानांची बाही धरली.

"घाबरू नका," नाना हसले. "या, म्हणते ती."

मालतीबाई गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

आत एक लांब फळी, तिच्यापुढे स्टुलं. पलीकडे कोळशाची अरुंद शेगडी आणि डोक्याला रुमाल बांधलेली ठेंगणी मिचिको. जपानहून सतार शिकायला आली, ती इथलीच झाली. बांबूच्या काडीला कोंबडीचे तुकडे ओवायचे, मध्ये कांद्याची पात, निखाऱ्यावर फिरवायचे, काळसर गोडखारट रसात बुडवायचे, पुन्हा निखाऱ्यावर. "याकितोरी," नाना म्हणाले, पुढचं स्टेशन सांगावं तसे.

मग खरा प्रकार कळला. घर खायला उठतं म्हणून नाना एक दिवस असेच भटकत होते. पडद्यापाशी क्षणभर टेकले, तोच आतून ही हाक. अहो, ती बाई कुठल्याही गिऱ्हाइकाला तशीच ओरडते! पण नानांना वाटलं, हिच्याही घराण्यात अतिथीला हाक मारायची रीत आहे. आणि हाक मारल्यावर पाठ फिरवायची नाही, हा तर त्यांचाच नियम. गेले आत. शेगडीवरची कोंबडी बघून अंगावर काटा आला, पण उठता येईना. हात जोडून म्हणाले, "बहनजी, मैं ये सब नहीं खाता. लेकिन आपने बुलाया है."

"तो क्या हुआ, बाबूजी? बैठिए," मिचिको म्हणाली. तिने कोपऱ्यात वेगळी मातीची शेगडी पेटवली. काड्यांना कांदे, सिमला मिरची, अळंबी ओवली, वर भाताचा गोळा दिला. तेव्हापासून ती शेगडी नानांची. नानांनी तिच्यावर गंगाजळ शिंपडून घेतलं, ते निराळं.

आता नाना तिथेही ताटाभोवती पाणी फिरवूनच जेवतात. शेजारचा दाढीवाला प्राध्यापक कोंबडीची काडी हवेत धरून थांबतो, नानांचं पाणी फिरवून होईपर्यंत!

नानांच्या उजवीकडच्या स्टुलावर त्यांची टोपी ठेवलेली होती. दुकान भरलं, लोक पडद्यापाशी उभे राहिले, तरी मिचिको तिथे कोणाला बसू देईना. मी विचारलं, "कोणाची हो जागा?"

नाना काडी उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "हिचं अजून कॅन्सल केलं नाही."

मी उभीच राहिले. त्यांनी टोपी उचलली, स्टूल उपरण्याने पुसलं. "बसा, वहिनी. तिनेच बसवलं असतं तुम्हाला. तुमचं कन्फर्म."

बसले. नाकाला लावलेला पदर हळूच काढला. वास वाईट नव्हता हो, खोटं कशाला बोलू? नानांच्या शेगडीवरचा कांदा तर पेढ्यासारखा गोड लागला.

परवा दुपारी मी कणीक मळत होते. समोरून आवाज आला, जरा बसलेला, जरा घाबरलेला. "वेटिंगवर... कोण आहे?"

दारात बघते, तर नाना सोवळ्यात. मागे ओट्यावर कुकर आणि काड्यांना ओवलेली भेंडी! गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी पिठाच्या हातांनी तशीच धावले. "मी आहे, नाना, मी आहे!"

भेंडी करपली होती. मी दोनदा मागून घेतली.

पण सांगा, रोज मी एकटीनेच किती वेटिंगवर राहायचं? म्हणून म्हणते, या लवकर. रामघाटाच्या गल्लीत दुपारच्याच या, आणि पोटाला काही खाऊन येऊ नका. हाक ऐकू आली, की तेवढी पाठ फिरवू नका.