मारोतीभाऊंचं निळं फूल

मारोतीभाऊ जमादार माणसाला रामराम करण्याआधी त्याच्या छातीभोवती टेप गुंडाळत. आलापल्लीच्या सागवान रोपवाटिकेत तीस वर्षं काढल्यावर त्यांना माणसं आणि झाडं यांत फरकच दिसेना. दौऱ्यावर आलेल्या तहसीलदारांना म्हणाले, "साहेब अजून तोडीले आले नाई." मला, म्हणजे शाळामास्तराला, तर पहिल्याच भेटीत खुरटं झाड म्हणून विरळणीत काढलं!

अशा माणसाला, देहरादूनला बदलून गेलेल्या जुन्या साहेबानं पाकिटातून बी पाठवलं. साल्वियाची हिमालयातली दुर्मिळ जात. आपल्या रानातल्या कम्मरकसाची श्रीमंत मावसबहीण. निळं फूल येतं म्हणे. सोबत इंग्रजी चिठ्ठी. भाऊंनी गावभर जाहीर केलं, "मार्चात मी पेन्शनीत निघतो. पण फूल पाहूनच क्वार्टर सोडीन!"

आणि बी लोट्यात भिजत घातलं. सागाचं बी एक दिवस भिजवायचं, एक दिवस तापवायचं, असं पंधरवडाभर छळल्याशिवाय उगवत नाही. मग हे कोण लागून गेलं?

सकाळी माझं दार मोडायचंच बाकी होतं. "मास्तर, धावा! बी फुगून राह्यलं!"

बघतो तर दाण्यादाण्यावर बुळबुळीत कवच, बेडकीनं अंडी घातल्यासारखं. भाऊंनी नाचतच ते कौलावर वाळत टाकलं. दुपारी खरवडायला गेलो. कौल फुटलं, पण दाणा हलला नाही.

मग मी चिठ्ठी वाचली : भिजवू नये, पुरू नये, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरावं.

"भाऊ, हे पयले काऊन नाई वाचून घेतलं?"

"बियाचं मले कोन शिकवते?" म्हणाले खरे, पण पाकीट उलटंपालटं करून झटकू लागले.

पाकिटाच्या घडीत तीन दाणे अडकलेले सापडले. भाऊंनी श्वास रोखून ते कुंडीत टाकले. एक उगवलं. मग काय! रोपाला छत्री, भाऊ उन्हात. शेळीला काटे, शेळीवालीला दम. आठवडी बाजारातून माणसं ओढून आणत. एक वाघसुद्धा कुंपणाशी येऊन अदबीनं बघून गेला. पावलं मी स्वतः पाहिलीत.

मार्च संपत आला, भाऊंचं सामान बांधून झालं, आणि निघायच्या आदल्या सकाळी फूल उमललं. नखाएवढं, निळंशार! अंगणात ही गर्दी. सगळे भाऊंच्या भाषणाची वाट बघत होते. भाऊ गर्दीकडे पाठ करून कुंडीपुढे उकिडवे बसलेले.

"काय झालं, भाऊ?"

"आमच्या बापानं साग लावला, मास्तर. म्या लावला. पिकाले तीन पिढ्या लागते त्याले. हे पयलंच. लावलंही म्या, अन् पाह्यलंही म्या."

मी गर्दीला हळूच फाटकाबाहेर काढलं.